फोटोतून काय पुसायचं?

खर्ड्याच्या किल्ल्याचा फोटो स्पर्धेला पाठवायचा, तर त्यात संगणकावर किती फेरफार चालावेत? माझं मत सरळ आहे. अंधार कमी करा, रंग थोडे खुलवा, कडा कापा. पण कॅमेऱ्यासमोर जे होतं ते पुसू नका आणि जे नव्हतं ते घालू नका.

2010 साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने स्टेपान रुडिक यांचं बक्षीस काढून घेतलं. त्यांनी फोटोच्या मागच्या भागात दिसणारा एका पायाचा तुकडा पुसला होता. एवढ्याशा गोष्टीसाठी? मला तो निर्णय योग्य वाटतो.

खर्ड्याच्या किल्ल्यात मशीद आहे, किल्ल्यापाशी उंच भगवा ध्वज आहे. 1795 ची मराठे-निजाम लढाई याच परिसरातली. आज विजेची तार खटकते म्हणून पुसली, तर उद्या कुणाला मशीद खटकेल, कुणाला ध्वज. दोघंही खोटंच दाखवतील.

म्हणून आयोजकांनी बक्षिसाआधी मूळ फाइल मागावी. कल्पनाचित्रांसाठी वेगळा गट ठेवावा. फोटो ही गवाही आहे, आणि गवाही देखणी नसली तरी चालते, खरी हवी.