चोरी कार्डावर, आरोप गिऱ्हाइकावर!

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण तुमच्या खिशात क्रेडिट कार्ड असेल, किंवा फोनमधल्या पेमेंट ॲपला ते जोडलेलं असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या टेंभुर्णीतलाच एक दुकानदार मित्र. त्याचं नाव लिहीत नाही, बँकेचंही नाही. शुक्रवारी रात्री साडेअकराला त्याच्या फोनवर लागोपाठ तीन मेसेज आले. क्रेडिट कार्डावरून परदेशी वेबसाइटवर खरेदी, एकूण ६८ हजार. यानं काही मागवलं नव्हतं, कुणाचा फोन नव्हता, ओटीपी तर आलाच नव्हता. पुतण्यानं सकाळी ॲपमधून कार्ड बंद करून दिलं. दुसरा शनिवार, मग रविवार, बँक बंद.

सोमवारी दार उघडायच्या आधी हा शाखेत हजर. पहिला प्रश्न काय? "ओटीपी कुणाला दिला?"

"साहेब, ओटीपी आलाच नाही."

"मग कुठली तरी लिंक दाबली असंल. आन् हे बघा, क्रेडिट कार्डाचा विभाग वेगळा असतो. टोल फ्रीला फोन लावा."

टोल फ्रीवर अर्धा तास गाणं वाजलं आणि फोन कट. लेखी अर्ज दिला तर "इथं घेता येत नाही". असं करत करत आठवडा गेला आणि पुढच्या सोमवारी तो माझ्याकडे आला. मधल्या काळात वसुलीवाल्याचा फोन मात्र वेळेवर आला. त्याला बरोबर नंबर सापडतो!

आता नियम काय म्हणतो ते ऐका. ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेनं एक परिपत्रक काढलं. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. त्यात लिहिलंय की चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, चोरी तिसऱ्याच ठिकाणी झाली, आणि तुम्ही कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर जास्तीत जास्त १० हजार तुमच्या अंगावर. त्याच्याही पुढे गेलात तर बँकेचं धोरण असेल तसं. आणि चूक बँकेचीच असेल तर दिवस मोजायचेच नाहीत, नुकसान सगळं बँकेचं.

आता माझ्या मित्राचा हिशोब करा. तो सोमवारी गेला तो कामाचा पहिला दिवस होता. म्हणजे त्याला एक रुपयाही भरावा लागला नसता. पण त्याच्याकडे त्या दिवसाचा पुरावा नाही. शिक्का नाही, तक्रार क्रमांक नाही. कागदावर त्याची तक्रार पडली सातव्या दिवशी. काउंटरवरच्या एका "इथं घेता येत नाही"ची किंमत दहा हजार रुपये! आणि ती भरणार कोण, तर ज्याची चोरी झाली तो.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तर अजून सांगायचंच आहे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे. ग्राहकानं स्वतःला निर्दोष सिद्ध करायचं नाही. पण आपल्याकडे माणूस काउंटरवर गेला की आरोपीसारखा उभा राहतो. पैसे गेले ते गेले, वर लाज वेगळी. घरी बायको विचारते, दुकानात गिऱ्हाईक हसतं. या लाजेपायीच कितीतरी लोक तक्रार करत नाहीत.

"ओटीपी कुणाला सांगू नका" हे आपण रोज ऐकतो. बरोबरच आहे ते. पण परदेशी वेबसाइटवर बऱ्याचदा ओटीपी लागतच नाही. कार्डावरचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम होतं. आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी गेले, तेव्हा कुठल्या खातेदारानं ओटीपी सांगितला होता? चोर बँकेच्या यंत्रणेत शिरले होते, बनावट कार्डांनी परदेशातल्या एटीएममधून पैसे निघाले. एवढ्या मोठ्या बँकेच्या यंत्रणेत चोर घुसू शकतो, तर टेंभुर्णीच्या दुकानदाराला "तुम्हीच काहीतरी केलं असंल" म्हणायचा अधिकार कुणाला?

आता आपलंही जरा बघू, कारण आपणही काही कमी नाही.

ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरायला गेलो की कार्ड सरळ समोरच्याच्या हातात देतो. तो नंबर टाकतो, मागचे आकडे टाकतो, आणि ओटीपी आपण चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवतो. कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. "पीएम किसान" किंवा "चलान" नावाची फाइल आली की उघडतो, ते ॲप फोनमध्ये बसतं आणि आपले मेसेज परस्पर वाचतं. आपण स्वतः माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच, हेही त्याच परिपत्रकात आहे. पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणून चूक झाली असली तरी लपवू नका, लगेच कळवा.

सांभाळायचं कसं? बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची बटणं असतात. परदेशी व्यवहार बंद करा. ऑनलाइनची मर्यादा गरजेपुरतीच ठेवा, लागेल तेव्हा वाढवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानाच्या वेबसाइटला तुमचा कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याच्या जागी टोकन नावाचा पर्यायी क्रमांक राहतो. त्यामुळे कुणी वहीत नंबर उतरवून घेत असेल तर सरळ नाही म्हणा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर एक पक्कं लक्षात ठेवा, पिन टाकला की पैसे जातात, पिन टाकून पैसे येत नाहीत.

आणि चोरी झालीच, तर आधी कार्ड बंद. मग १९३० ला फोन, रात्री बारा वाजता का होईना. लवकर कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. त्यानंतर बँकेला ईमेल किंवा लेखी अर्ज, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. दिली नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा. कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत ती रक्कम तात्पुरती परत जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा, हे बँकेवर बंधन आहे. फसवणुकीची तक्रार असलेल्या रकमेवर निकालापर्यंत चार्ज लावता येत नाही, हेही वसुलीवाल्याला ऐकवा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. माहितीसाठी १४४४८, तक्रारीला पैसे लागत नाहीत.

आता माझा सवाल जाफराबाद तालुक्यातल्या सगळ्या बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना आहे. कार्ड विकायला तुमचा माणूस दुकानात येतो, गोड बोलतो, फॉर्म स्वतः भरतो. तेव्हा "विभाग वेगळा" नसतो? मग चोरी झाल्यावरच तो वेगळा कसा होतो? मागणी मोठी नाही. तीन दिवसांचा हा नियम मराठीत, मोठ्या अक्षरात, कॅश काउंटरजवळ लावा. आणि कुणी तक्रार घेऊन आला तर आधी त्याच्या अर्जावर शिक्का मारा, चौकशी मग करा. एक बोर्ड आणि एक शिक्का, याला मुंबईची परवानगी लागत नाही.

मित्राचा अर्ज आता गेलाय, १९३० वरही नोंद झालीय. पहिल्या सोमवारी तो शाखेत आला होता, हे तिथल्या सीसीटीव्हीत दिसेल. ते चित्रण जपून ठेवा, असंही अर्जात लिहिलंय. निकाल लागला की इथंच कळवतो, बाजूनं लागो की विरोधात.

तुमच्याही बाबतीत असं झालं असेल तर लाजू नका. अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो, फोन करा. आणि ही पोस्ट तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका. तीन दिवसांचा नियम माहीत नसल्यामुळे कुणाचे दहा हजार जायला नकोत.