घाव मनावर, खूण देहावर

प्रसंग सरतो, पण त्याची खूण काहींच्या देहात राहून जाते. दुकानाला लागलेली आग, रस्त्यावरील अपघात, बालपणी सोसलेली मारहाण, यांना वर्षे लोटली तरी शटर आपटल्याच्या आवाजाने छाती धडधडते, मध्यरात्री घाम फुटून जाग येते. घरची मंडळी याला ‘स्वभाव’ समजतात. सोयरिकीत अडचण नको म्हणून वैद्यकीय सल्लाही टाळला जातो. वस्तुतः हे एका व्याधीचे लक्षण असू शकते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली तिला स्वतंत्र व्याधी म्हणून मान्यता दिली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या यातनांचा त्या निर्णयात मोठा वाटा होता.

केवळ बोलून ही गाठ सुटतेच असे नाही. म्हणून पीटर लेव्हिन यांच्यासारख्या अमेरिकन उपचारकांनी देहाकडे लक्ष वेधले. या पद्धतीत सारी कहाणी सांगण्याची सक्ती नसते. खांद्यांतील ताण, अडखळता श्वास, जमिनीवर टेकलेले पाऊल यांची जाणीव रुग्णाला पेलेल तेवढीच, थोडी थोडी करून दिली जाते. अनुमतीखेरीज स्पर्श नाही. थांबण्याचा अधिकार रुग्णाचा.

या उपचाराला अमेरिकेतील काही चिकित्सालये केटामाइनची जोड देतात. १९६२ साली प्रथम तयार झालेले हे औषध १९७० पासून तेथे भूल देण्यासाठी अधिकृतपणे वापरले जाते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात अल्प मात्रेने नैराश्य काही तासांत, दिवसांत हलके झाल्याचे दिसले. २०१९ मध्ये त्याच कुळातील एस्केटामाइनच्या नाकातील फवाऱ्यास, इतर औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी, तेथे परवानगी मिळाली. मानसिक आघातावरील उपयोगाचे निष्कर्ष मात्र अद्याप एकमुखी नाहीत.

औषध दार किलकिले करते. आत पाऊल टाकण्याचे काम पूर्वतयारीच्या व नंतरच्या संवादातूनच होते. एका मात्रेचा गुण बहुधा काही दिवसांत ओसरतो. रक्तदाब वाढतो, भान सुटते. अतिवापराने मूत्राशयास इजा होते, व्यसनही जडते. अभिनेते मॅथ्यू पेरी यांचा ऑक्टोबर २०२३ मध्ये घरी मृत्यू झाला, तेव्हा शवचिकित्सेत केटामाइनचा तीव्र परिणाम हेच मुख्य कारण नोंदले गेले. म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीबाहेर या औषधाला स्थान नाही. भारतातही ते ‘अनुसूची एक्स’मध्ये, कडक नियंत्रणाखाली आहे.

वाचकांनी नव्या औषधामागे धावण्याची घाई करू नये. पहिले पाऊल मात्र लांबवू नये. ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. खातेवहीतील तूट झाकल्याने भरून निघत नाही, हे व्यापारी कुटुंबांना कोणी शिकवायला नको. मनाच्या तुटीलाही तोच न्याय लागू आहे.