सब्र म्हणजे तोंडाला लावलेले कुलूप नव्हे

कोरोनात ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांना आपण सर्वांनी मिळून एकच शब्द दिला : सब्र. फोनवर सब्र, व्हॉट्सअॅपवर सब्र, मशिदीच्या दारात सब्र. शब्द चांगला आहे, कुरआनचा आहे. आक्षेप आहे तो आपण तो कसा वापरतो यावर. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'धीर धर' असा नसतो, 'आता हा विषय पुरे' असा असतो. ऐकणाऱ्याला अवघडते म्हणून रडणाऱ्याने गप्प बसावे आणि त्या गप्प बसण्याला आपण दीनदारी म्हणावे, हे मला मान्य नाही.

हजरत याकूब (अ.) यांचा किस्सा मदरशात गेलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. यूसुफ (अ.) हरवल्यावर सब्र-ए-जमील, म्हणजे सुंदर सब्र, हा शब्द त्यांच्याच तोंडी येतो. आणि त्याच सूरह यूसुफमध्ये त्यांचे डोळे दुःखाने पांढरे पडल्याचेही येते. घरच्यांनी टोकले तेव्हा आपण आपले दुःख अल्लाहपुढे मांडत आहोत, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्याकडून आपण सब्र शिकायचा, ते इतकी वर्षे रडत होते. मग दोन वर्षांनी डोळे पुसणाऱ्या बाईला 'ईमान कमजोर आहे' असे सांगणारे आपण कोण?

पैगंबर मुहम्मद (स.) यांचा मुलगा इब्राहीम तान्ह्या वयात वारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. सोबत्यांपैकी एकाला नवल वाटले, तर ही रहमत आहे असे उत्तर मिळाले. मनाई आहे ती ऊर बडवण्याला, कपडे फाडण्याला. अश्रूंना नाही.

'शोक तीनच दिवसांचा' हा नियमही असाच वापरला जातो. तीन दिवसांची मर्यादा साजशृंगार सोडून पाळायच्या सोगाची आहे, विधवेसाठी ती चार महिने दहा दिवसांची इद्दत आहे. चौथ्या दिवशी आठवण थांबवा असे कोणत्याही किताबात लिहिलेले नाही.

तिसरे वाक्य सर्वांत गोड : 'वबामध्ये गेला, शहीद झाला, मग रडायचे कशाला?' ताऊनमध्ये मरणाऱ्याला शहीदाचा दर्जा आहे, हे हदीसमध्ये आहे आणि ज्याचे माणूस गेले त्याला त्याचा मोठा आधार आहे. पण तो आधार त्याने स्वतः घ्यायचा असतो. इतरांनी त्याची पावती फाडून हिशेब बंद करायचा नसतो.

शिवाय, मृत्यू साधा नव्हता. आपल्याकडे मय्यतीला गुस्ल देतात, कफन घालतात, शेवटचे तोंड पाहतात, खांदा देतात, मूठ-मूठ माती देतात. माणूस गेला हे मनाला पटते ते या कामांतून, हातांतून. कोरोनात हातांना कामच उरले नाही. केंद्र सरकारच्या 15 मार्च 2020च्या सूचनांत आंघोळ घालणे, मिठी मारणे यांना मनाई होती. पण पिशवीची चेन उघडून चेहरा दाखवायला आणि स्पर्श न करता धार्मिक पठण करायला मुभा होती. किती घरांना ती मिळाली? 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने कोणत्याही धर्माच्या मृताचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी बदलले. वांद्र्याच्या कब्रस्तानांत दफन नको म्हणून लोक कोर्टात गेले. 22 मे 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. म्हणजे आपल्या माणसाला माती मिळेल की नाही, या धास्तीत काही घरांचे शोकाचे पहिले दिवस गेले.

हे दुःख फक्त आपले नव्हते. स्मशानाबाहेर रांगेत थांबलेल्या, अस्थी लॉकरमध्ये ठेवून नदीवर जाण्याची वाट पाहणाऱ्या शेजाऱ्यांचेही होते. अकोल्यात कच्छी मेमन जमातच्या स्वयंसेवकांनी हिंदू मृतांना अग्नी दिला, कारण नातेवाईक येऊ शकत नव्हते किंवा घाबरत होते. अखेरचा निरोप हे जिवंत माणसांवरचे कर्ज आहे, हे त्यांना कळले होते.

आता मूळ मुद्दा. सब्रचे हे कुलूप फक्त अश्रूंना लागत नाही, प्रश्नांनाही लागते. 'तकदीरमध्ये होते' म्हटले की खाट का मिळाली नाही, बिल इतके कसे झाले, दाखल्यावर मृत्यूचे कारण काय लिहिले, हे विचारायचे राहून जाते. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला आणि किमान 22 रुग्ण गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी वेगळे कळवलेले नाही. ज्या घरातले माणूस श्वासासाठी तडफडून गेले, त्या घराने हे वाक्य ऐकून सब्र करायचा?

शामच्या वाटेवर सर्ग येथे हजरत उमर (रजि.) यांना ताऊनची खबर मिळाली. ते सैन्यासह मागे फिरले. तकदीरपासून पळता का, असे विचारले तर आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे चाललो आहोत, असे ते म्हणाले. तकदीर मानणारा राज्यकर्ता स्वतःची जबाबदारी टाळत नाही. मग तकदीर मानणाऱ्या नागरिकाने ती जबाबदारी का विचारू नये?

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा 'माझे वडील' हा निबंध यंदा देऊ नये, असे स्टाफरूममध्ये बहुतेकांचे मत होते. मी तो दिला, नको असेल त्याला दुसरा विषय घेता येईल असे सांगून. ज्यांचे वडील गेले होते, त्यांतल्या एकानेही विषय बदलला नाही. एका मुलाने पुरवणी मागितली. दहावीच्या सरावपरीक्षेतही तो कधी पुरवणी मागत नव्हता.

म्हणून मित्रहो, ताजियतीला जाल तेव्हा सब्रचा उपदेश घरी ठेवून जा. मरहूमचे नाव घ्या, ते कसे होते ते विचारा आणि समोरचा बोलत असेल तोवर घड्याळ पाहू नका. जमातीच्या पुढाऱ्यांनी विधवांचे दाखले, 50 हजारांच्या सानुग्रह मदतीचे तेव्हा केलेले अर्ज, मुलांची फी यांची चौकशी करावी. कुठे अडले असेल तर सोबत कचेरीत जावे. वर्षे लोटली म्हणून लाजू नका. याकूब (अ.) यांचे दुःखही जुनेच होते.