पाण्याकाठचे बडोदे

नगरे पाण्याच्या काठी वसली, पाण्यावर पोसली, आणि चार पैसे हाती येताच त्यांनी त्याच पाण्याकडे पाठ केली, असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे. घराचे दार रस्त्याकडे आणि मोरी नदीकडे! गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र ह्या नगरांस आपापल्या नदीची आणि तळ्याची नव्याने आठवण होऊ लागली आहे. काठ बांधून काढावा, फरशी घालावी, दिवे लावावेत, बाके मांडावीत, संध्याकाळी लोकांनी मुलाबाळांसह तेथे यावे, अशी ही नवी हौस आहे. अमदाबादेस साबरमतीचा काठ २०१२ साली लोकांस फिरावयास खुला झाल्यापासून तर ती विशेषच बळावली. बडोदे तिला अपवाद कसे असेल? गेल्या डिसेंबरात काही कामानिमित्त आम्ही तेथे चार दिवस होतो. त्यांतील एक दिवस आम्ही त्या नगराचे पाणी पाहण्यात घालविला, आणि तोही विजेच्या सायकलीवर बसून.

ह्या वाहनाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या पुष्कळ वाचकांनी ते अजून वापरले नसेल. दिसावयास ती नेहमीची सायकलच. मागील चाकाच्या मध्यभागी एक लहानशी मोटार आणि सांगाड्याला जोडलेली, डब्याएवढी बॅटरी, एवढाच काय तो फरक. पायडल मारू लागले की मोटार मदतीस येते. वेग ताशी २५ किलोमीटरांवर गेला की मदत थांबते. मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा अधिक नसेल, आणि वेगाची व वजनाची मर्यादा पाळलेली असेल, तर आपल्या देशात अशा सायकलीस ना नोंदणी लागते, ना चालविणाऱ्यास परवाना. रात्री घरातल्या साध्या प्लगला लावून ठेवली की सकाळी तीस-चाळीस किलोमीटरांची बेगमी होते. ज्यांचे गुडघे पुलाचा चढ पाहूनच कुरकुरू लागतात अशा आमच्यासारख्यांस हे वाहन म्हणजे मोठाच आधार. एक दोष मात्र आहे. ती आवाज करीत नाही. त्यामुळे पुढे चालणारा मनुष्य बाजूला होत नाही. आमच्या यजमानांनी सायकल हाती देताना सांगितले, “काका, ब्रेकपेक्षा घंटी जास्त वापरा,” आणि ते अगदी खरे ठरले.

प्रथम आम्ही गेलो सुरसागरावर. पूर्वी ह्या तळ्यास चंदन तलाव म्हणत. अठराव्या शतकात त्याचे काठ दगडांनी बांधले गेले, आणि आज ते शहराच्या अगदी मध्यात, दांडिया बाजाराच्या शेजारी, पाण्याने भरलेल्या परातीसारखे पसरलेले आहे. मधोमध शिवाची उंच मूर्ती उभी आहे. काठावरच गायनशाळा आहे. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी ती सुरू केली आणि आज ती तेथील विद्यापीठाचा भाग आहे. सकाळच्या वेळी तळ्याभोवती फिरणाऱ्यांत मराठी बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे मराठी ऐकावयास मोठे गोड लागते. क्रियापद मराठी आणि नाम गुजराती अशी त्याची ठेवण. तळ्याभोवतीचा रस्ता स्वच्छ होता, कठडे पक्के होते. ह्याच शांत पाण्यात १९९३ सालच्या ऑगस्ट महिन्यात एक होडी उलटली आणि २२ जण बुडाले, ही गोष्ट ठाऊक नसेल तर पाहणाऱ्याच्या मनातही यावयाची नाही. आम्हांस ती ठाऊक होती, म्हणून तेथे फार वेळ रमलो नाही.

तेथून काळ्या घोड्याकडे निघालो. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यावरून त्या चौकास हे नाव पडले आहे. जवळच विश्वामित्री नदीवरील पूल आणि सयाजीबाग. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातला एक मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. त्याच्या कारकिर्दीत, १८७९ साली, ही बाग झाली. शंभराहून अधिक एकरांची ही बाग नदीच्या काठी, तिच्या उतारासकट पसरलेली आहे. नदीस भिंत घालून बाग केली नाही, तर नदीशेजारी बाग केली, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. पाणी चढले तर झाडांत शिरते, उतरले की निघून जाते. माळ्याचे नुकसान होते, पण घरे वाहून जात नाहीत.

पुलाच्या कडेला सायकल टेकवून खाली पाहिले. पाणी काळपट, फारसे स्वच्छ नव्हे. नगराचे सांडपाणी त्यात येते हे नाकास कळत होते. काठावरच्या मातीवर एक लाकडाचा ओंडका पडलेला होता. थोड्या वेळाने त्या ओंडक्याने तोंड उघडले! विश्वामित्रीत मगरी आहेत हे आम्ही ऐकले होते. परंतु मागे बस, रिक्षा, शाळेस निघालेली पोरे, आणि पुढे वीस-पंचवीस हातांवर आठ फुटांची मगर ऊन खात पडलेली, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पटत नाही. २०२५ च्या आरंभी झालेल्या गणतीत ह्या नदीच्या पात्रात चारशेहून अधिक मगरी आढळल्या. एवढ्या मोठ्या नगराच्या पोटात एवढ्या मगरी नांदत असल्याचे उदाहरण जगात विरळाच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांस पूर्ण संरक्षण आहे. शेजारचा चहावाला मात्र म्हणाला, “साहेब, ती आमच्या आधीची आहे इथे. तुम्ही खाली उतरू नका म्हणजे झाले.”

मगरीस मातीचा काठ लागतो. उन्हात पडावयास माती, बीळ करावयास माती, उन्हाळ्यात अंडी पुरावयासही मातीच. म्हणूनच साबरमतीसारखा बांधीव काठ विश्वामित्रीसही करावा, ही कल्पना पुढे आली तेव्हा तेथील काही जाणत्या नागरिकांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे केवळ मगरीपुरते नव्हते. ही नदी पावागडाच्या डोंगरात उगम पावते, नगरातून नागमोडी वाहत जाऊन ढाढर नदीस मिळते आणि शेवटी खंबायतच्या आखातास. वरच्या बाजूस आजव्याचे मोठे तळे आहे. सयाजीराव महाराजांनी नगराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले. पावसाळ्यात त्या तळ्याचे जादा पाणीही ह्याच नदीत येते. नदीच्या दोन्ही अंगांच्या घळी आणि नगरातले ‘कांस’ म्हणजे ओढे, हे सारे त्या पाण्याचे विसाव्याचे ठिकाण. त्यांवर भराव टाकून घरे बांधली तर पाण्याने जावे कोठे? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०२१ मध्ये आदेश दिला तो ह्याच धोरणाचा: पूररेषा आखा, अतिक्रमणे दूर करा, काठ जपा.

आदेश कागदावर राहिला की नाही, हे वाद घालणाऱ्यांनी ठरवावे. पावसाने मात्र वाट पाहिली नाही. २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस नदी काळ्या घोड्यापाशी ३५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तेथे २५ फूट आहे. अर्धे बडोदे पाण्यात बुडाले, लोक गच्च्यांवर जाऊन बसले, आणि दोन डझनांच्या आसपास मगरी लोकवस्तीतून पकडून आणाव्या लागल्या. आमच्या यजमानांच्या घराच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीची पिवळट रेघ अजून दिसते. त्यांनी तेवढ्या पट्ट्यास मुद्दामच रंग दिलेला नाही. त्यानंतर, २०२५ च्या मार्चपासून, नगरातील सुमारे २४ किलोमीटरांच्या पात्रातला गाळ काढून ते रुंद करण्याचे काम शंभर दिवसांच्या मुदतीने हाती घेण्यात आले. शोभेचा विचार मागे पडून जागेचा विचार पुढे आला, हे आमच्या मते योग्यच झाले. यंत्रांच्या दात्यांखाली मगरींची बिळे किती सापडली असतील, हा प्रश्न राहतोच.

वसईकडील वाचकांस हे ऐकून आपली बावखळे आठवली असतील. वाडीच्या कोपऱ्यातले ते खोलगट तळे पावसाचे पाणी पोटात घेई, विहिरीस गोडे पाणी पुरवी, खारे पाणी दूर ठेवी. ‘डासांचे घर’ म्हणून ते बुजविले, त्यावर इमारत उभी राहिली, आणि २०१८ च्या जुलैत पाणी घराघरांत शिरले तेव्हा म्हातारी माणसे म्हणू लागली की, ते आपलीच जागा शोधीत आले आहे. विश्वामित्री मोठी आणि बावखळ धाकटे, एवढाच भेद.

दुपारी समा भागातून हरणीकडे गेलो. बॅटरीची एक रेघ अजून शिल्लक होती. हरणीचे मोटनाथ तळे हे नगरपालिकेने नव्याने नटविलेल्या तळ्यांपैकी एक. ते चालविण्याचे काम खाजगी कंत्राटदारास दिले होते, खेळणी होती, नौकाविहार होता. १८ जानेवारी २०२४ रोजी एका शाळेची सहल तेथे आली. होडीत मावतील त्याहून कितीतरी अधिक मुले बसविण्यात आली, बहुतेकांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. होडी उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. गुजरात उच्च न्यायालयाने आपण होऊन ह्या प्रकरणाची दखल घेतली, गुन्हे दाखल झाले, खटले चालले. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून तळे पाहिले. फार मोठे नाही. एखादा पोहणारा तरुण सहज पार करील.

सुरसागरातील होडी आणि हरणीतील होडी ह्यांच्यामध्ये तीस वर्षांचे अंतर, नगर तेच. पहिल्या वेळचा धडा कोणी तरी कागदावर लिहून ठेवला असेलच. परंतु काठ नवा झाला, दिवे लागले, तिकिटाची खिडकी आली, की लोकांस वाटते, येथे सारी काळजी कोणी तरी घेतलेलीच असणार. आपल्या किनाऱ्यावरचा कोणताही तांडेल होडी किती दबली आहे हे नुसत्या नजरेने ओळखतो आणि एकही माणूस अधिक घेत नाही. त्याच्या होडीवर रंग नसतो, आणि तिकीटही नसते. ज्याने ती होडी भरली त्यास पाणी ठाऊक नव्हते, फक्त गिऱ्हाईक ठाऊक होते.

डिसेंबर-जानेवारी हे आपल्याकडेही सहलींचे महिने. शाळेची चिठ्ठी घरी येते, मूल हट्ट धरते, आई दीडशे-दोनशे रुपये डब्यातून काढून देते आणि सही करते. त्या चिठ्ठीत बसचा नंबर असतो, निघण्याची वेळ असते, डबा आणण्याची सूचना असते. पाण्यावर जावयाचे आहे काय, होडीत किती जण बसणार, जाकिटे मुलांच्या मापाची आहेत काय, बरोबरच्या गुरुजनांपैकी पोहता कोणास येते, हे त्यात बहुधा नसते. आईबापांनी सहीपूर्वी हे विचारले तर शाळेने रागावण्याचे कारण नाही, आणि उत्तर लेखी मागितले तरी त्यात अपमान नाही.