मुक्या राखणदाराचे पथ्य

मुदखेडसारख्या गावात दारच्या कुत्र्याला भाकरी, दूध आणि उरलेसुरले घातले की कर्तव्य संपले, असे मानले जाते. ते अंग खाजवू लागले, केस गळू लागले, की ‘लूत लागली’ म्हणून हाकलले जाते. वस्तुतः लूत वा गोचीड-पिसवांचा उपद्रव नसेल, तर दोष अन्नाचाही असू शकतो. दूध, गहू, कोंबडी यांतील प्रथिने काही कुत्र्यांना सोसत नाहीत. पूर्वी न खाल्लेले एकच प्रथिन सुमारे ८ आठवडे देऊन, मग जुने अन्न पुन्हा घालूनच त्याची खात्री पटते. मूत्रपिंड बिघडलेल्याचे पथ्य आणखी निराळे. कांदा, लसूण, मनुका तर निरोग्यालाही घातक. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील ज्ञान गावोगावच्या दवाखान्यांतून घरोघर पोचले पाहिजे. राखणदाराला हाकलण्यापूर्वी त्याच्या पथ्याची चौकशी करावी, एवढे तरी इमान माणसाने राखावे.