बारा व्होल्टचे नऊ

सेट-टॉप बॉक्स किंवा इंटरनेटचा राउटर दर पाच मिनिटांनी आपोआप बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर नवा घेण्याआधी त्याचा ॲडॉप्टर तपासा. ॲडॉप्टरवरचा दिवा लागतो म्हणून तो ठणठणीत, असे समजू नका. नऊ व्होल्टांवरही तो दिवा लागतोच.

मीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. ॲडॉप्टर भार घालून मोजायचा असतो. एक अँपिअरचा असेल तर पिनेला २२ ओहम, १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर जोडा (तो चांगलाच तापतो, हातात धरू नका). अर्धा अँपिअर ओढला जाईल. आता आकडा नऊवर आला, तर आधी पिनेजवळची वायर हलवून पाहा. ती आतून तुटत आलेली असते. वायर चांगली असेल तर बहुधा आउटपुटचा कपॅसिटर सुकलेला असतो. गावाकडच्या कमी विजेला मात्र बोल लावू नका. लेबलवर १००-२४० व्होल्ट छापले असेल, तर त्याला तेवढे चालते.

हा ॲडॉप्टर घरातली वीज डी.सी. करून सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो आणि लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवतो. बाहेर पडणारे हे धक्के सपाट करण्याचे काम कपॅसिटरचे. उष्णतेने त्यातला द्रव उडतो, आतला रोध वाढतो आणि भार येताच व्होल्टेज ढासळते. त्याचे डोके फुगले असेल तर निदान झालेच. पण न फुगताही तो गेलेला असतो.

नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, १०५ अंशांचा आणि लो-ई.एस.आर. मागा. पट्ट्याची बाजू ऋण, ती उलटी लावू नका. काही जण फीडबॅकचा रेझिस्टर बदलून व्होल्टेज चढवून देतात. तसे करू देऊ नका. भार उतरला की चढवलेले सगळे व्होल्ट बॉक्समध्ये जातात. भाराविनाही आकडा कमीच आला, तरच त्या भागाकडे वळावे.

आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. सोल्डरिंगची सवय नसेल तर मोजमाप तेवढे घरी करा, पेटी कारागिराकडेच उघडू द्या.