मुक्या सोबत्याचे दांत

घरांत कुत्रें-मांजर पाळणाऱ्या मंडळींकडून आम्हांस एक प्रश्न वरचेवर विचारण्यांत येतो: “नुसते दांत साफ करावयाचे, तर मुक्या जनावरास भूल कशाला?” प्रश्नामागें माया आहे हें आम्ही जाणतों, परंतु याच मायेपायीं कित्येक जनावरें वर्षानुवर्षें दांतदुखी सोसतात.

मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें, तेव्हां वैद्यापुढें येत ते मुख्यतः घोडे नि बैल. आणि घोड्याचे दांत लोक पाहत ते त्याचें वय ठरविण्यासाठीं! घरच्या कुत्र्याच्या तोंडांत डोकावण्याचें पुष्कळांस अद्यापि सुचत नाहीं.

कुत्र्यास पक्के दांत ४२, मांजरास ३०. त्यांस आपल्यासारखी कीड क्वचितच लागते. त्यांचा खरा शत्रु हिरडीचा रोग. दांतांवर बसणारा चिकट थर थोड्याच दिवसांत लाळेंतील क्षारांनीं कठीण होतो, हेंच किटण. डोळ्यांस दिसतें तें किटण त्या मानानें निरुपद्रवी. हिरडीखालीं शिरलेल्या थरांतील जंतूंमुळें मात्र दांताभोंवतींचें हाड झिजत जातें. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हें फार लवकर होतें.

आतां भुलीविषयीं. जागेपणीं किटण खरवडलें तर दांत पांढरे दिसतील, रोग तसाच राहील; कारण हिरडीखालीं हत्यार घालूं देईल असें जनावर कोठें आहे? क्ष-किरण-चित्रहि तें निश्चल असल्यावांचून घेतां येत नाहीं. शिवाय भूल देतांना श्वासनलिकेंत नळी घालतात, त्यामुळें धुण्याचें पाणी फुप्फुसांत उतरत नाहीं. धोका मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तो कमी करण्यासाठींच रक्त व हृदय आधीं तपासतात, आणि उपाशी ठेवण्यास सांगतात. अशा वेळीं घरांतील आजीबाईंनीं कळवळून गुपचूप दूधपोळी चारूं नये. भुलींत ओकारी श्वासमार्गांत गेली तर प्राणावर बेतते.

“खातो तर आहे ना!” ही साक्ष आम्ही ग्राह्य धरीत नाहीं. दुखऱ्या दांतांनींहि कुत्रा खातो. फक्त चावण्याऐवजीं गिळतो, किंवा एकाच बाजूनें खातो. मांजर भुकेलेलें ताटलीशीं येतें आणि तोंड फिरवून जातें. तोंडास घाण येऊं लागली कीं घरचे म्हणतात, म्हातारा झाला. कधीं कुत्र्याच्या डोळ्याखालीं गळूं येतें, फुटतें, बरें झाल्यासारखें वाटतें आणि पुन्हां येतें. तें पुष्कळदां वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशीं सांचलेल्या पुवाचें असतें. कठीण हाडूक किंवा दगड चावून दाढ तडकलेली असते. अशी दाढ काढल्यावर ‘म्हातारा’ कुत्रा पुन्हां अंगणांत धांवूं लागल्याचीं उदाहरणें पशुवैद्यांस नवीं नाहींत.

पिल्लांचे दुधाचे दांत सहा-सात महिन्यांपर्यंत पडून जावयास हवेत. सुळा अडकून राहिला असेल तर मादीच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं, त्याच भुलींत, तो काढून घेतां येतो.

घरीं रोज दांत घांसावेत. आरंभीं बोटास ओलें फडकें गुंडाळून, मग मऊ ब्रशानें. आपली टूथपेस्ट वापरूं नये; कांहींत असणारा झायलिटॉल कुत्र्यास विषासमान आहे. आणि दुखतें म्हणून घरांतली पॅरासिटामॉलची गोळी मांजरास कदापि देऊं नये. एका गोळीनेंहि तें दगावूं शकतें.